करार कायद्यात ६० पैकी १९: एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाचं एक प्रकरण

कराराच्या पेपरला ६० पैकी १९. पास व्हायला २४ लागतात, म्हणजे पाच गुणांनी केटी, पेपर परत द्यायचा. बाकीचे तीन पेपर निघाले, त्यातला एक अगदी काठावर. विद्यार्थिनीचं म्हणणं असं की पेपर चांगला गेला होता, तीन पुरवण्या लावल्या होत्या, तपासणाऱ्यानं वाचलंच नसणार. पहिल्या सत्राचा निकाल लागला की कुठल्याही विधी महाविद्यालयाच्या जिन्यात हे ऐकू येतं. क्वचित ते खरंही असतं. या प्रकरणात नव्हतं.

इथली विद्यार्थिनी कुणी एक व्यक्ती नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला येणाऱ्या मुलामुलींच्या नेहमीच्या अडचणी एका जागी आणून हे प्रकरण उभं केलं आहे. आकडे त्या मांडणीतले आहेत. नियम, कलमं आणि निवाडे खरे आहेत.

ती कुठून आली

वय २४. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मराठी माध्यमातून बी.ए., विषय राज्यशास्त्र, ६१ टक्के. मध्ये दोन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी. नंतर प्रवेश परीक्षा (सीईटी), आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) तिसऱ्या फेरीत मोठ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश. संध्याकाळी सात ते दहा एका औषधाच्या दुकानात बिलिंगचं काम. पहिल्या सत्राला चार विषय: करार, अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे कराराबाहेरच्या नुकसानीचा दिवाणी कायदा) व ग्राहक संरक्षण, कामगार कायदा आणि विधिभाषा. प्रत्येक विषयाला ६० गुणांची लेखी परीक्षा आणि ४० अंतर्गत. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. तिला अंतर्गतला ४० पैकी ३१ होते, पण ते लेखीतले पाच भरून काढायला चालत नाहीत. हे तिला निकालाच्या दिवशी कळलं.

ती कॉलेजात पोचली तेव्हा वर्ग सुरू होऊन साडेतीन आठवडे झाले होते. करारात प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलं-घेतलं जाणारं काही) हे तिन्ही पाय शिकवून संपले होते. उशिरा आलेला विद्यार्थी इथे पहिली चूक करतो: चालू असलेल्या धड्यापासून ऐकायला लागतो आणि मागचं ‘दिवाळीत बघू’ म्हणतो. राज्यशास्त्रात हे खपतं, कारण एक विचारवंत सुटला तरी पुढचा कळतो. करार कायद्याचं तसं नाही. कलम २ मधल्या व्याख्या डोक्यात बसल्या नसतील तर कलम १० वाचून काही हाती लागत नाही, आणि कलम १० शिवाय ११ ते ३० ही नुसती यादी होते.

उत्तरपत्रिकेत काय होतं

निकालानंतर तिनं एक गोष्ट बरोबर केली. थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज न करता आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. हे दोन अर्ज वेगळे असतात, दोन्हींची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती अपुरी असते. म्हणून निकाल पाहिला त्याच दिवशी परिपत्रक उघडून तारखा लिहून घ्याव्यात. छायाप्रतीचं शुल्क हा पहिल्या वर्षातला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च आहे, गुण वाढोत न वाढोत.

पेपरची रचना अशी होती. पहिला प्रश्न १२ गुणांचा: दोन-दोन वाक्यांत सहा उत्तरं. दुसरा १२ चा: दोन टिपा. तिसरा १२ चा: दोन समस्या, म्हणजे घटना देऊन ‘कोण जबाबदार, का’ असं विचारणारे प्रश्न. चौथा २४ चा: दोन दीर्घोत्तरं. वेळ दोन तास.

तिचे गुण: पहिल्यात ७, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १, चौथ्यात ७.

छायाप्रत समोर ठेवून तिनं आठवून वेळेचा हिशेब मांडला. दोन वाक्यांच्या उत्तरांना अर्धं-अर्धं पान, त्यात ३५ मिनिटं. टिपांना ३०. पहिल्या दीर्घोत्तराला ४०. उरली १५ मिनिटं, त्यात दुसरं दीर्घोत्तर आणि दोन्ही समस्या. थोडक्यात, २४ गुण १५ मिनिटांत लिहिले आणि ३६ गुणांवर १०५ मिनिटं घातली. खरा हिशेब सोपा आहे: १२० मिनिटं, ६० गुण, गुणाला दोन मिनिटं. पहिल्या तिन्ही प्रश्नांना २४-२४, दीर्घोत्तरांना २४-२४. लिहून झालं नसलं तरी २४ व्या मिनिटाला पुढे सरकायचं. बाराचं उत्तर कितीही सुंदर लिहिलं तरी सात-आठाच्या वर जाणं अवघड असतं. उलट शून्यावर असलेल्या प्रश्नाला चार ओळी लिहिल्या तरी दोन-तीन गुण मिळतात.

पण वेळ एवढंच कारण मानलं तर पुढच्या वेळी २१ गुण पडले असते. दीर्घोत्तर प्रतिफलावर होतं. दीड पान भारतातल्या करार कायद्याचा इतिहास, मग ‘प्रतिफल म्हणजे मोबदला’ असं एक वाक्य, मग दोन उदाहरणं. कलम २(ड) चा उल्लेख नाही. प्रतिफल वचनग्रहीत्याकडूनच (ज्याला वचन दिलं त्याच्याकडूनच) नव्हे तर ‘दुसऱ्या कोणाकडूनही’ येऊ शकतं हा आपल्या आणि इंग्लंडच्या कायद्यातला नेमका फरक नाही. कलम २५ मधले अपवाद (जवळच्या नात्यातला नैसर्गिक जिव्हाळ्यापोटी केलेला लेखी, नोंदणीकृत करार, आधी स्वेच्छेनं केलेल्या कामाचा मोबदला, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी वचन) यांतला एकही नाही. मुदतपूर्व करारभंगाच्या टिपेत कलम ३९ नाही. करारसदृश संबंधांच्या टिपेत ६८ ते ७२ ही पाच कलमं नाहीत. निबंध उत्तम होता. त्यात कायदा कुठेच नव्हता.

बारापैकी एक

समस्यांच्या प्रश्नात तिला एक गुण मिळाला, आणि आमच्या मते सगळं प्रकरण या एका गुणात आहे. प्रश्न साधारण असा होता: १७ वर्षांच्या मुलानं वय १९ सांगून ४०,००० रुपयांचा लॅपटॉप हप्त्यांवर घेतला, दोन हप्ते भरले आणि थांबला. दुकानदार उरलेल्या रकमेसाठी दावा लावतो. मिळेल का?

तिचं उत्तर: ‘मुलानं फसवणूक केली आहे, त्यामुळे त्याला पैसे द्यावे लागतील. कायद्यापुढे सर्व समान आहेत.’

शेजाऱ्याशी बोलताना हे उत्तर वाईट नाही. परीक्षकाला मात्र यात तीन गोष्टी दिसत नाहीत: प्रश्न कुठला आहे, नियम कुठला आहे, आणि तो नियम या घटनेला कसा लागतो. चौथी गोष्ट, निष्कर्ष, तेवढी आहे, तीही चुकली. सहा गुणांचं उत्तर साधारण असं बसतं.

वादाचा मुद्दा एका ओळीत: अज्ञानानं (१८ पूर्ण न झालेल्यानं) वयाबद्दल खोटं सांगून केलेला करार त्याच्यावर बंधनकारक आहे का, नसेल तर दुकानदाराला दुसरा काही उपाय आहे का?

नियम: भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १० म्हणतं की करार करायला पक्ष सक्षम हवेत, कलम ११ म्हणतं सज्ञान नसलेली व्यक्ती सक्षम नाही, सज्ञानतेचं वय १८ हे वयात येण्याबाबतच्या १८७५ च्या अधिनियमातून येतं. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) १९०३ मध्ये अज्ञानाचा करार शून्यनीय (रद्द करता येण्याजोगा) नव्हे, मुळातच शून्य ठरवला.

इथे एक खाच आहे, आणि गाईड वाचणारे नेमके तिथेच अडखळतात. ‘खोटं सांगितलं तरी अज्ञानाला ते बाधत नाही असं मोहोरी बीबीत ठरलं’ असं सरसकट लिहितात. त्या खटल्यात सावकाराच्या वतीनं काम पाहणाऱ्याला मुलगा अज्ञान असल्याचं माहीतच होतं. ज्याला खरं ठाऊक आहे त्याची दिशाभूल झाली असं म्हणता येत नाही, म्हणून तो मुद्दा तिथे पूर्णपणे निकाली लागलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९३१ मध्ये गदिगेप्पा विरुद्ध बालनगौडा या खटल्यात अज्ञानाविरुद्ध असा विबंध (एस्टॉपेल, म्हणजे आधी सांगितलेलं नंतर नाकारायला बंदी) चालणार नाही असं ठरवलं. हे एक वाक्य योग्य जागी आलं की परीक्षकाला कळतं, पोरीनं निवाडा वाचलाय.

लागू करणं: करार शून्य, म्हणून उरलेल्या हप्त्यांचा दावा करारावर टिकत नाही. पण विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) अधिनियम, १९६३ च्या कलम ३३ नुसार प्रतिवादी अक्षमतेचा बचाव घेत असेल तर त्याला झालेला लाभ, जेवढा झाला तेवढा, परत करायला न्यायालय सांगू शकतं. लॅपटॉप त्याच्याकडे असेल तर तो परत मागता येईल. शिवाय करार अधिनियमाचं कलम ६८: वस्तू त्याच्या जीवनमानाला साजेशी ‘आवश्यक’ ठरली तर त्याच्या मालमत्तेतून भरपाई, व्यक्तिशः त्याच्याकडून नव्हे. विद्यार्थ्याला लॅपटॉप आवश्यक आहे का, यावर दोन्ही बाजूंनी दोन वाक्यं.

निष्कर्ष: हप्त्यांची रक्कम करारापोटी मिळणार नाही, लॅपटॉप परत मिळू शकेल, कलम ६८ सिद्ध करण्याचा भार दुकानदारावर.

हे बारा मिनिटांत लिहून होतं. मात्र ते परीक्षेत पहिल्यांदा लिहायला गेलं तर होत नाही. तिनं सत्रभरात एकही समस्या कागदावर सोडवली नव्हती. वर्गात चर्चा व्हायची तेव्हा मान हलवली होती, एवढंच.

सरकीच्या पेंडीचा खटला

दुसऱ्या सत्रात केटीचा करार आणि नवे चार विषय असे पाच पेपर. वाचायला वेळ कमी होता हा फायदाच झाला म्हणायचा, कारण गाईड आपोआप बाजूला पडलं. ‘करार एक’ या पेपरचा गाभा म्हणजे अधिनियमाची पहिली ७५ कलमं. (७६ ते १२३ निरसित आहेत, कारण १९३० मध्ये मालविक्रीचा वेगळा कायदा झाला, हमी, निक्षेप (वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं), अभिकरण (एजन्सी) वगैरे १२४ पासून पुढे, तो ‘करार दोन’.) आठवड्याला पाच कलमं धरली तर १५ आठवड्यांत ७५ होतात. सकाळी वर्गाआधी ४० मिनिटं: कलम मोठ्यानं वाचायचं, त्याखालची उदाहरणं वाचायची, पुस्तक मिटून मराठीत एका वाक्यात लिहायचं. कलमाखालची उदाहरणं मुलं सर्रास गाळतात. ती कायद्यानंच दिलेली सोडवलेली गणितं आहेत, आणि समस्यांचे अर्धे प्रश्न नावं बदलून त्यातूनच येतात.

बेअर अ‍ॅक्ट (टीका-टिपणीशिवाय छापलेला मूळ कायदा) विकत घेतला नाही तरी चालतो. केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर सुधारणांसह फुकट मिळतात; सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर संकेतस्थळावर फुकट, त्यातले बरेचसे आता मराठी अनुवादातही. अनुवाद समजण्यासाठी वापरावा. उद्धृत करताना मूळ इंग्रजी बघावं.

निवाडा कसा वाचायचा हे शिकवायला आम्ही नेहमी भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास घेतो. संदर्भ: एआयआर १९६६ एससी ५४३. कारण साधं आहे: खटला खामगावचा आहे आणि माल आहे सरकीची पेंड. विदर्भातल्या मुलाला पुस्तकातल्या प्रसिद्ध इंग्लिश खटल्यातला कार्बोलिक स्मोक बॉल म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. पेंड समजावून सांगावी लागत नाही.

तिनं तयार केलेला गोषवारा अर्ध्या पानाचा होता. तथ्यं: जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं ट्रंक कॉलवरून खामगावच्या गिरणीकडे पेंड विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला, खामगावहून फोनवरच होकार आला, माल आला नाही, अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा. मुद्दा: करार कुठे झाला, होकार उच्चारला त्या खामगावला की ऐकू आला त्या अहमदाबादला? कारण त्यावर अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार आहे की नाही हे ठरणार. निर्णय: बहुमतानं अहमदाबाद. कारण: टपालाला आणि तारेला कलम ४ चा खास नियम, की पत्र पेटीत पडलं की स्वीकृती प्रस्तावकावर बंधनकारक, फोनवर मात्र दोन्ही पक्ष जणू समोरासमोर बोलतात, म्हणून स्वीकृती ऐकली जाते तिथे करार. मतभेद: न्या. हिदायतुल्ला. त्यांचं म्हणणं, कलम ४ चे शब्द जसे आहेत तसे वाचले तर स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर गेली तिथेच, म्हणजे खामगावला, करार पूर्ण होतो.

मतभेदाची ओळ पहिल्या वर्षाची मुलं गाळतात, आणि खरा अभ्यास तिथे असतो. अधिनियम १८७२ चा, बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. जे यंत्र कायदा करणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं त्याला त्यांचे शब्द जसेच्या तसे लावायचे की नाही, हा वाद आहे. तो कळला की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या होकाराची समस्या आली तरी उत्तराला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

सत्रभरात तिनं असे १८ निवाडे केले. जास्त नाहीत. वर्गात ऐकलेली साठ नावं आणि स्वतः वाचलेले अठरा निवाडे यात दुसरी बाजू जड.

जुन्या नोट्सचा सापळा

दुसऱ्या सत्रात फौजदारी कायदा आला आणि सिनियरच्या नोट्स हाती पडल्या. झेरॉक्सच्या झेरॉक्स, अक्षर सुरेख, आणि सगळं भारतीय दंड संहितेवर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. ५११ कलमांची जागा ३५८ नी घेतली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), हयगयीनं मृत्यूचं ३०४-अ आता १०६, सामाईक इराद्याचं ३४ आता ३(५). चोरी ३७८ वरून ३०३ वर गेली. तत्त्वं बरीचशी तीच आहेत, म्हणून नोट्स अगदीच टाकाऊ नाहीत. पण उत्तरात कलम जुनं पडलं की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. तिनं दंड संहितेवरच्या नोट्सच्या समासात हिरव्या शाईनं नवे क्रमांक लिहिले. अडीच तास गेले, आणि त्यातच निम्मा अभ्यास झाला. जुने क्रमांक पुसायचे मात्र नाहीत: १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, आणि जे निवाडे वाचायचे ते बहुतेक जुन्याच क्रमांकांवर आहेत.

हेच इतर विषयांत. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा गेला, २०१९ चा आला. जिल्हा आयोगाची मर्यादा आता दिलेल्या मोबदल्यावर मोजतात आणि ती ५० लाखांपर्यंत आहे. मूळ २०१९ च्या कायद्यात ती एक कोटी होती, त्यामुळे नवं पुस्तक घेऊनही चुकायची सोय आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ ची दुरुस्ती. आणि कामगार कायद्यात तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ वरचं जाडजूड पाठ्यपुस्तक सेकंडहँड घेण्याआधी विषय शिकवणाऱ्यांना विचारावं, पेपर कशावर येणार. नियम एकच: पुस्तकाचं मुखपृष्ठ नव्हे, आवृत्तीचं साल बघायचं.

प्रकल्पातही तिला एक फटका बसला. अपकृत्याच्या प्रकल्पात एआय साधनानं सुचवलेले दोन निवाडे तिनं घातले. एक अस्तित्वातच नव्हता, दुसरा होता पण विषय भाडेकराराचा. शिक्षकांनी परत लिहायला लावलं, अंतर्गत गुणांत कापले. ई-एससीआर किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय तळटिपेत नाव लिहायचं नाही. एका निवाड्याला तीन मिनिटं लागतात.

भाषा

पहिल्या सत्रात ती इंग्रजीत लिहायला गेली, कारण ‘वकिली इंग्रजीतच असते’ असं कुणीतरी सांगितलं. उत्तरपत्रिकेत ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ चार ठिकाणी उलटसुलट होते. हा इंग्रजीचा दोष दिसतो, पण तो कल्पनेचा दोष होता. मराठीत शून्य म्हणजे जन्मालाच न आलेला करार, शून्यनीय म्हणजे जिवंत पण एका पक्षाच्या हातात त्याची दोरी. हे एकदा मराठीत पक्कं झाल्यावर इंग्रजीतही घोळ राहिला नाही.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत एलएल.बी.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात. विधिभाषेसारखा पेपर इंग्रजीतच द्यावा लागू शकतो. परीक्षेचा अर्ज भरतानाच माध्यम तपासावं. मराठीत लिहायचं ठरवलं तर संज्ञा भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशातल्या घ्याव्यात आणि पहिल्या उल्लेखाला इंग्रजी शब्दही लिहावा, कारण ‘असम्यक् प्रभाव’ (अनड्यू इन्फ्लुअन्स) हा शब्द तपासणाऱ्याच्या ओठावर असेलच असं नाही. सत्र अर्ध्यावर आल्यावर माध्यम बदलू नये. तिनं दुसऱ्या सत्रात मराठी धरली आणि रोज एक परिच्छेद इंग्रजी निवाड्यातला उतरवून काढला. आम्हाला विचाराल तर वकिलीसाठी दोन्ही लागतात: तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं.

हजेरीचं गणित

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली आणि विधिशिक्षणाचं नियमन करणारी संस्था) २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य परवानगी देऊ शकतात, पण त्या विषयात किमान ६५ आणि सगळे विषय मिळून ७० हवेत. पहिल्या सत्रात कराराचे ५२ तास झाले. (नियमात आठवड्याला ३० तासांचा वर्ग आणि किमान १५ आठवडे लिहिलेत; त्या हिशेबानं बरेच जास्त व्हायला हवे होते. असो.) ५२ चे ७० टक्के म्हणजे ३७ तास. तिचे भरले ३४. बारा तास प्रवेशाआधीच गेले, सहा दुकानातल्या साठामोजणीच्या दिवसांत. ३४ म्हणजे ६५.४ टक्के. चार विषयांचे मिळून २०८ पैकी १४९, म्हणजे ७१.६. अजून एक तास बुडाला असता तर ती परीक्षेलाच बसू शकली नसती, आणि हे तिला कमी हजेरीवाल्यांची ‘डिफॉल्टर’ यादी लागेपर्यंत माहीत नव्हतं.

उशिरा प्रवेश झाला असेल तर पहिल्याच आठवड्यात कार्यालयात अर्ज द्यावा, त्याला प्रवेशाची पावती जोडावी आणि लेखी विचारावं: हजेरी वर्ग सुरू झाल्यापासून मोजणार की माझ्या प्रवेशापासून? तोंडी उत्तर नको. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का हवा. आजारपणाचा दाखला आजारपणातच द्यावा, यादी लागल्यावर आणलेल्या दाखल्याकडे कुणी सरळ नजरेनं बघत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ हजेरीसाठी विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये असं म्हटलं आहे. त्या बातमीचं कात्रण दाखवून आपल्या कॉलेजात बसता येईल अशा भरवशावर मात्र कुणी राहू नये.

नोकरीचंही तसंच. कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच भरवायचे असा नियम आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून बार कौन्सिल नोकरी व दुसऱ्या नियमित पदवीबद्दल प्रतिज्ञापन मागते. तिचं काम सातनंतरचं होतं, ते तिनं लिहून दिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. जे लपवतात त्यांचा प्रश्न वकिलीच्या सनदेच्या वेळी उभा राहतो.

जे केलं नाही

पहिल्याच वर्षी न्यायाधीश परीक्षेचा क्लास लावायचा तिचा विचार होता. तो सोडला. २० मे २०२५ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. पहिल्या वर्षी क्लासचे पैसे भरणारीला परीक्षा द्यायला साधारण सहा वर्षं आहेत, आणि तोवर कलमं पुन्हा बदलली तर नवल नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात चार आठवडे गावच्या तालुका न्यायालयात एका वकिलाकडे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण १२ आठवडे प्रशिक्षण लागतं आणि सलग चारपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे दर वर्षी एक तुकडा पाडावाच लागतो. पहिल्या तुकड्यात तिनं मुख्यतः तारखा लिहिल्या, वकालतनाम्यावर तिकिटं लावली आणि दाव्यांच्या प्रती जुळवल्या. त्यातल्या एका दाव्यात वादीनं जमिनीच्या विसारपावतीवर विनिर्दिष्ट अनुतोष मागितला होता. करार कायद्याचं कलम १० तिला पाठ होतं. दाव्यात ते कुठल्या परिच्छेदात बसतं हे पहिल्यांदा दिसलं.

मूट कोर्टला (काल्पनिक खटल्यावरच्या युक्तिवादाची स्पर्धा) तिनं नाव दिलं नाही. पाच पेपर असताना तो निर्णय आम्हाला पटतो.

दुसऱ्यांदा

कराराचा पेपर परत दिला: ६० पैकी ३५. पहिल्या प्रश्नात ९, टिपांत ५, समस्यांत ८, दीर्घोत्तरांत १३. बारापैकी एकाचे आठ झाले. टिपा मात्र जेमतेम चारावरून पाचावर आल्या. छायाप्रत परत मागवली तेव्हा कारण दिसलं: समस्या लिहायची रीत इतकी अंगात भिनली होती की टिपेतही तिनं ‘वादाचा मुद्दा’ म्हणून सुरुवात केली आणि मग निष्कर्ष शोधत बसली. टीप वेगळी असते: व्याख्या, कलम, दोन-तीन घटक, एक निवाडा, एक अपवाद, बारा मिनिटं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी तिनं मालमत्ता हस्तांतरणाच्या बेअर अ‍ॅक्टच्या आतल्या पानावर हे पाच शब्द पेन्सिलीनं लिहून ठेवले.